आणखी एक हात

मिलिंद,

तुझ्या पुण्यानुमोदनाला माईक माझ्याकडे आला तेव्हा मी तो तसाच तुझ्या ढोलकीवाल्या बबनकडे सरकवला. विहारात बसायला जागा उरली नव्हती. निमगावची माणसं होती, मंचरच्या माझ्या रंगाच्या शेडवरची होती, तुझ्या गाण्याच्या पार्टीतले सगळे होते. सगळे चांगलं बोलले. थोरला भाऊ काहीच बोलला नाही म्हणून लोकांना वाटलं असेल, बिचाऱ्याचा कंठ दाटला. तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी होतं, आणि माईकवरून तुझ्याशी भांडता आलं नसतं.

आपलं भांडण अर्धं राहिलंय. तू म्हणत होतास, आधी तारा चढवू, एकदा वाजवून बघू, रंग मागून दे. मी म्हणत होतो, आधी रंग. मी जिंकलो. गिटार कांद्याच्या बराखीत वाळत टांगलेली होती आणि तू सोमवारी सकाळी, डायलिसिसला निघायच्या आधी, शर्टाची बटणं लावता लावता खाटेवर बसलास आणि आडवा झालास. मी खाली गाडी चालू करून हॉर्न वाजवत होतो.

स्वतःच्या हातानं केलेल्या गिटारचा आवाज तू ऐकला नाहीस. तो ऐकायचा एवढंच तुझं मागणं होतं.

सगळं हातापासून सुरू झालं. तुला तो दिवस आठवत नसेल, तू तापात होतास, मानेत नळी घातलेली. नर्सबाईंनी विचारलं, "पेशंटचा कामाचा हात कोणता?" मी म्हणालो, "उजवा." विचारसुद्धा केला नाही. आपल्याकडे कामाचा हात म्हणजे उजवाच. विळा उजव्या हातात, रंगाची गन उजव्या हातात, घास उजव्या हातात. मग फिस्टुला डाव्या हाताला झाला. दंडाखालची शीर नि धमनी एकमेकीला जोडली, सुया टोचायला शीर फुगून जाड व्हावी म्हणून. डॉक्टर मला मागाहून म्हणाले, तुम्ही काही बोलला नसतात तरी आम्ही डावाच घेतला असता, पद्धतच आहे. ते खरं असणार. पण विचारलं मला होतं, आणि उत्तर मी दिलं होतं.

तुझा उजवा हात तारा छेडायचा, पण सूर सापडायचे ते डाव्या हाताच्या बोटांना. लहानपणापासून तुझ्या शेजारी झोपलेल्या मला एवढं माहीत असायला हवं होतं. फिस्टुल्यानं त्या बोटांचं रक्त ओढलं. होतं काहींना असं, म्हणे. बोटं गार पडली, निळसर झाली. "दादा, बोटाखाली तार हाये का न्हाई तेच कळत न्हाई," तू म्हणालास. जयंतीच्या कार्यक्रमात त्या वर्षी पहिल्यांदा तू स्टेजच्या खाली, खुर्चीत बसलास. बबन वरून ढोलकी वाजवता वाजवता तुझ्याकडे बघत होता नि तू त्याच्याकडं बघून मान डोलवत होतास. मी तुमच्या दोघांकडं बघणं टाळत मंडपाच्या बांबूकडं बघत होतो.

एकदाच आपण त्याबद्दल बोललो. मंचरवरून येत होतो, हायवेला कांद्याच्या ट्रकांची रांग लागलेली. तू खिडकीबाहेर बघत विचारलंस, "दादा, हाताचं त्यांनी इचारलं तवा तू काय सांगितलं?"

"उजवा," मी म्हणालो.

"बराबर सांगितलं. भाकरी त्याच हातानं खातो मी."

आणि पुन्हा बाहेर बघायला लागलास. मी अजून त्या वाक्यापाशी अडकलोय. तू मला मोकळं केलंस की टोमणा मारलास? तुझा आवाज साधा होता. तू टोमणाही साध्याच आवाजात मारायचास. तेव्हाच गाडी कडेला घेऊन विचारायला हवं होतं. पुढचा ट्रक हलला आणि मी गिअर टाकला.

मग तुझ्या डोक्यात ते आलं. डावा हात तारांवर दाबता येत नाही, तर छेडायला लावायचा. सूर उजव्या हातानं धरायचे. सगळं उलटं, पहिलीपासून शिकायचं. तू जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या तारा उतरवून उलट्या चढवल्यास, उलटी मांडीवर घेतलीस, नि तुझी सुजाता स्वयंपाकघरातून धावत आली, कारण तू ओरडलास. गिटारची कड बरोबर फिस्टुल्यावर टोचत होती. आवाजाची बटणंही उलटी वर आलेली, ती मनगटाला लागत होती. सुजातानं गिटार काढूनच घेतली. "शीर फुटली म्हंजे? रगत थांबायचं न्हाई," ती म्हणाली. तू म्हणालास, "मग नवीन करतो. माझ्या हाताच्या मापाची." ती रागानं आत गेली. तिला वाटलं, नेहमीसारखं बोलतोयस.

मला मात्र वाटलं की एक काम मिळालं. मी टेम्पो-ट्रॉल्या रंगवणारा माणूस, गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण लाकूड घासणं आणि रंग देणं मला येतं. जुन्या गिटारचा दांडा, खुंट्या, वायरी सगळं काढून घ्यायचं आणि फक्त अंग नवीन करायचं, असं ठरलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात ते सुटे भाग तू फडक्यात गुंडाळून ठेवलेस. त्या दिवसापासून तुझ्याजवळ वाजवायला काहीच उरलं नाही. ह्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तुला कळला असावा, कारण तू घाई करायला लागलास.

डिंगोऱ्याला मामाच्या माळ्यावर शिवणीच्या लाकडाची फळी होती, वर्षानुवर्षं धूर खाऊन वाळलेली. मामा खाली उभा राहून शिडी धरत होता आणि तोंडाचा पट्टा चालूच.

"गिटार म्हंजी ती हुबं राहून खाजवत्यात ती?"

"व्हय मामा, तीच."

"आन् त्याला माझी शिवण पायजे?"

"हलकी असती ना मामा. मला जड चालत न्हाई आता."

फळी खाली आल्यावर त्यानं ती स्वतःच्या धोतरानं पुसली. तू तिला कान लावून बोटाच्या पेरानं ठोकलंस, मग मामाला म्हणालास, "ऐक." मामानंही कान लावला. म्हाताऱ्याला काय ऐकू आलं कोण जाणे, पण म्हणाला, "लई भारी."

आता माझी चूक. तुझा डायलिसिसचा दिवस होता, सुजाता तुझ्याबरोबर गेली होती. मला वाटलं, तू येईपर्यंत आकार कापून ठेवावा. जुन्या गिटारचं अंग फळीवर ठेवलं, कडेनं पेन्सिल फिरवली आणि मशीननं कापून टाकलं. सुंदर कापलं. तू आलास, थकलेला, हाताला पट्टी, आणि बघतच राहिलास.

"दादा, ही तर उजवीच झाली."

जुनी पालथी घालून आखायला हवी होती! डावरी गिटार करायची म्हणून एवढा खटाटोप, आणि मी जशी होती तशीच आखली. मामाकडं दुसरी फळी नव्हती. मी बाकड्यावर बसलो. तू मात्र हसायला लागलास. इतका हसलास की सुजाता म्हणाली, अवो पट्टी सुटंल. मग तू चांगल्या हातानं फळी उचललीस आणि पालथी केलीस.

"झाली का डावरी? काय राव, एवढी साधी गोष्ट!"

खरंच झाली होती. पण त्या बाजूला, बरोबर तारांच्या खाली येईल अशा जागी, लाकडात एक मोठी काळी गाठ होती. मी वरची बाजू निवडली होती ती तेवढ्यासाठीच. आता गाठ कायमची समोर आली. तू तिच्यावर बोट फिरवून म्हणालास, "भाकरी थोडी करपलीय. चालतं." मला नाही चाललं. माझ्या शेडमधून पोचे आलेली गाडी बाहेर पडत नाही, आणि हे तर तुझं काम होतं.

त्यानंतरच्या दुपारी फार चांगल्या होत्या, मिलिंद. बोलायच्या राहिलेल्या गोष्टींत ही पहिली. डावा हात जिथं टेकणार तिथली कड उतरती करायची होती. तू हात ठेवायचास, सांगायचास, "हितं टोचतंय." मी कानस मारायचो, मग सँडपेपर. पुन्हा हात. "अजून थोडं." पुन्हा सँडपेपर. भुसा तुझ्या पापण्यांवर बसायचा. सुजाता चहा घेऊन आली की म्हणायची, "भाऊजी, गिटार करताय का सोफा?" शेवटी एकदा तू हात ठेवलास. डोळे मिटून तसाच बसलास. तू झोपलास असं मला वाटलं. मग म्हणालास, "बास. आता हात कुठं हाये तेच कळत न्हाई." ते मी कधीच कुणाला सांगितलं नाही. मी आयुष्यात कुणाला इतकी योग्य वस्तू करून दिली नव्हती.

त्याच वेळी तारा चढवायला हव्या होत्या. तू तसं म्हणालास. दांडा बसत होता, वायरी तयार होत्या, तारा अडकवायची नव्या खाचांची पट्टी तू स्वतः कोरून काडेपेटीत ठेवली होतीस. "एकदा वाजवू दे, मग तुझी काय ती रंगरंगोटी कर. रंग काय पळून चाललाय?"

मी म्हणालो, कच्च्या लाकडावर हाताचा घाम लागेल, डाग पडतील, मग रंग धरणार नाही. प्रायमरवर कुणी गाडी रस्त्यावर काढतं का? हे सगळं खरंच आहे, कुठल्याही पेंटरला विचार. पण खरं कारण गाठ होती. ती झाकल्याशिवाय तुझ्या हातात गिटार द्यायची मला लाज वाटत होती. तू ती वाजवायला घेशील, लोक बघतील, आणि मला दर वेळी दिसेल की मी आकार उलटा कापला होता. फक्त आकारच दिसला असता, की नर्सबाईंना दिलेलं उत्तरही, तेही मला सांगता येत नाही.

तू वाद घातलास. तुला लाकूड तसंच हवं होतं, वरून नुसतं पॉलिश. "शिवण हाये, झाकायला काय ती चोरीची हाये?" मी म्हणालो काळा. गाडीचा, आरशासारखा. तू म्हणालास, "तू जल्मभर पिकअप रंगवल्या, म्हणून माझ्या पिकअपला पण रंग मारशील." तारांखाली आवाज पकडायला जी चुंबकाची डबी असते तिलाही पिकअप म्हणतात, हे मला तुझ्याकडूनच कळलं होतं. मी हसलो. पण ऐकलं नाही. तू थकला होतास, आणि थकलेल्या माणसाशी वाद जिंकणं सोपं असतं.

लांबीचा लगदा भरला, गाठ बुजवली, घासलं, काळा मारला. हवेत ओल होती. सकाळी बघतो तर वरचा थर दुधाळ झालेला. घासून काढला, पुन्हा हात मारला. शेडवर गाड्यांची धूळ, म्हणून घरी आणली आणि आपल्या रिकाम्या कांद्याच्या बराखीत टांगली. चारी बाजूंनी वारा खेळतो, लवकर वाळेल. तर कांद्याचा एक पापुद्रा उडून ओल्या रंगावर चिकटला. तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे, गावचा शिक्का हाये." मी तो काढला, ती जागा घासली, आणखी एक हात. दर वेळी तू विचारायचास, आज चढवायच्या का तारा, आणि मी म्हणायचो, अजून एक हात, बास. एकदा तू चिडलास. "दादा, मला हाय तेवढा हात झेपत न्हाई, आन् तू तिला कितवा हात देतोय?" मी ते विनोदात घेतलं. तू हसत नव्हतास, हे मी बघितलं होतं.

रविवारी तू एकटाच बराखीत गेलास. मी आलो तेव्हा तू तिच्यासमोर उभा होतास, आणि तुझ्या अंगठ्याला काळं लागलं होतं. वाळली का बघायला तू हात लावला होतास. मधोमध तुझा अंगठा उमटला होता, रेषा न् रेषा.

मी ओरडलो. तुझ्यावर मी कधी ओरडत नाही, आजारपणात तर नाहीच. पण ओरडलो. "लहान हायेस का? एवढं थांबता येत न्हाई?"

तू अंगठा पायजम्याला पुसलास. "नाय थांबता येत," एवढंच म्हणालास, आणि घराकडे गेलास.

दिवस मावळायच्या आत मी तो ठसा घासून काढला. एवढी पातळ गोष्ट, पाण्याच्या सँडपेपरखाली लगेच गेली. मग त्यावर मारलेला हात अगदी नीट बसला. ना धूळ, ना दूध, ना पापुद्रा. जन्मात इतका स्वच्छ हात बसला नव्हता. सकाळी तुला डायलिसिसहून आणल्यावर दाखवायचं ठरवलं होतं. माफी मागायचं ठरवलं नव्हतं, ते उगाच आता म्हणणार नाही. दाखवायचं मात्र ठरवलं होतं.

तुला घराबाहेर ठेवलं होतं तेव्हा मी बराखीत गेलो. कशाला गेलो माहीत नाही. ती टांगलेली होती, काळी, कोरडी. तिच्यात माझं तोंड दिसत होतं. मागं बराखीच्या पट्ट्या, पट्ट्यांमधून अंगण, अंगणात माणसं. गाठ कुठं होती ते मलाही बोटानं सापडेना. मी नखानं थोडं खरवडून बघितलं. रंग निघाला नाही. माझं काम पक्कं असतं.

लोक मला समजावतात. डॉक्टरसुद्धा म्हणाले, हृदयावर भार होता, केव्हाही झालं असतं, गिटारचा काय संबंध? मी कारणाबद्दल बोलतच नाहीये, पण हे त्यांना कसं सांगू? ती वाजवली असतीस म्हणून तू जगला असतास असं मी कधीच म्हणत नाही. तू गेलाच असतास. पण वाजवून गेला असतास. उजव्या हाताची बोटं नवशिक्यासारखी अडखळली असती, बेसूर वाजलं असतं, बबन खिदळला असता, सुजातानं कानावर हात ठेवले असते. तेवढं मी अडवलं. आणि ते परत देता येईल असं दुकान नाही, शेड नाही, कुणी माणूस नाही.

कार्यक्रमानंतर बबन म्हणाला, तारा उजव्या करून घे, पार्टीत कुणी ना कुणी वाजवंल, पडून ऱ्हाण्यापरीस. वाईट बोलला नाही तो. मी सुजाताकडं बघितलं. ती म्हणाली, "त्यांच्या हाताचीच ठिवा. पण भाऊजी, वाजती तरी करा. अशी मुकी नको घरात."

म्हणून काल दुपारी बसलो. तुझं खोकं उघडलं. फडक्याला तू घातलेल्या गाठी सोडवायला वेळ लागला. दांडा बसवला, वायरी कथलाचा डाग देऊन जोडल्या, काडेपेटीतली पट्टी बसवली. कुठली तार कुठं ते बबनला फोनवर विचारत विचारत तारा चढवल्या. सूर मला लावता येत नाही, नुसत्या ताणल्या. मग तुझ्या स्पीकरला जोडून बटण दाबलं.

घुंऽऽ असा आवाज सुरू झाला. सारखा, खालच्या पट्टीत, न थांबणारा. काहीतरी चुकलं म्हणून मी घाबरून तारांवर तळवा ठेवला, तर आवाज गेला. हात काढला, पुन्हा सुरू. बबन फोनवर म्हणाला, "घाबरू नको, भाऊ. माणसाचा हात लागला का जातो तो. वाजवणारा असला म्हंजे कळत बी न्हाई."

मी फोन ठेवला आणि तळवा तारांवर तसाच दाबून बसलो. छेडायला हवं होतं. एक तार तरी. मला जमलं नाही, मिलिंद. पहिला आवाज माझ्या हातून निघावा हे मला जमलं नाही, आणि हातही काढवेना.

सुजाता पिठाच्या हातानं दारात आली. "न्हाई का वाजत?"

मी हात उचलला. घर त्या आवाजानं भरलं. ती चौकटीला टेकून ऐकत राहिली, जसं काही कुणी बोलतंय. मी बंद करायला बटणाकडं वाकलो.

"असू द्या," ती म्हणाली, आणि आत जाऊन भाकरी थापायला बसली.

लाईट जाईपर्यंत ते चालू होतं.